पुठ्ठ्याची खिडकी

वार्षिक सभेच्या दिवशी अप्पा सकाळपासून घरात कुणाशी बोलत नसत. सभेआधी सभासदाशी बोलणं म्हणजे दबाव आणणं, असं त्यांचं मत होतं, आणि थोरला मुलगा सभासद होता. सून सभासदाची बायको. बायको सभासदाची आई. त्यामुळे चहा हवा असला तरी ते नुसता घसा खाकरत आणि वर्तमानपत्र आणखी वर धरत.

"अध्यक्षांना चहा हवाय," आई म्हणाली.

"लेखी अर्ज आलाय का?" दादाने विचारलं.

वहिनी हसली नाही. एरवी हसली असती. ती ओट्यापाशी उभी राहून पावाला लोणी लावत होती आणि लावलेल्याच पावाला पुन्हा लावत होती. स्वयंपाकघर आणि दुकान यांच्यामध्ये दादाने स्वतः घासून धुरकट केलेल्या काचेचं दार होतं. त्या दाराआड दुकान सकाळपासून उघडं होतं आणि गिऱ्हाईक आलं की वाजणारी घंटी अजून वाजली नव्हती.

दादाने कप खाली ठेवला. वर्तमानपत्राकडे बघत, पण आईला उद्देशून म्हणाला, "आई, बाहेरच्या रस्त्यावरच्या मोठ्या दुकानातून पुन्हा फोन आला होता. काचेचा विभाग सांभाळायला माणूस हवाय त्यांना. उद्या हो की नाही ते कळवायचंय."

"मग?"

"आज गाडीचा ठराव झाला तर नाही म्हणेन. नाही झाला तर आजच शटर."

"आजच कशाला? आठवडा जाऊ दे."

"आज सगळे सभासद इथेच असणार. पुन्हा कुठे गोळा करू?"

आईने वर्तमानपत्राकडे पाहिलं. वर्तमानपत्राचं पान बराच वेळ उलटलं नव्हतं.

"ऐकलंत का?" ती म्हणाली.

घसा खाकरल्याचा आवाज आला. तो चहासाठी होता की उत्तरादाखल, हे इतक्या वर्षांच्या संसारानंतरही तिला सांगता आलं नसतं. तिने चहा दिला.

गाडीचा ठराव म्हणजे मुळात वहिनीचा. काच गिऱ्हाइकाला पिशवीत घालून नेता येत नाही. ती उभी न्यावी लागते, फळीला टेकवून, दोन्हीकडून बांधून. आडवी धरली की स्वतःच्याच वजनाने तडकते. मोठं दुकान काच घरी पोचवतं आणि बसवूनही देतं. दादा बसवून द्यायला तयार होता, पण पोचवायला त्याच्याकडे गाडी नव्हती. पलंगवाल्याकडे नव्हती, सायकलवाल्याकडे नव्हती, रंगवाल्याकडे होती पण ती चालत नव्हती. एकेकट्याला जे जमत नाही ते सगळ्यांनी मिळून करावं, एक गाडी घ्यावी, वार ठरवून वापरावी, एवढीच कल्पना. ती इतकी साधी होती की मंडळाला समजायलाच काही वर्षं गेली, आणि समजल्यावर अप्पांनी ती विषयपत्रिकेवरून काढून टाकली. अध्यक्षाच्या सुनेने सुचवलेल्या गोष्टीचा फायदा अध्यक्षाच्या मुलाला होतो, हे त्यांच्या पहिल्याच वाचनात लक्षात आलं.

हा नियम आजोबांचा. आजोबांनी काचेचं दुकान काढलं, त्यावर मजला चढवला आणि त्या मजल्यावर व्यापारी मंडळ बसवलं. मंडळाचा फायदा अध्यक्षाच्या घरात शिरता कामा नये, असं ते म्हणत. ते म्हणत तेव्हा बाजारपेठ इतकी जोरात होती की दारातून हाकललेला फायदा खिडकीतून आत येई. अप्पांना खुर्ची वारशाने मिळाली, नियमही मिळाला, बाजारपेठेचा जोर तेवढा वाटेत कुठेतरी गळून पडला. शाळेच्या खिडक्या, वाचनालयाची कपाटं, बसथांब्याची आडोशाची काच, अशी कामं मंडळामार्फत ठरत आणि अप्पा ती एकूण एक जावयाच्या काचेच्या दुकानाला देत. मुलगी दिली की ते घर वेगळं झालं, असा त्यांचा हिशेब होता. त्यात पक्षपाताचा प्रश्न येत नव्हता.

"मग मला तरी घरजावई करून कुठेतरी पाठवायचं होतंत," असं दादा एकदा भर जेवणात म्हणाला होता. त्यानंतर बापलेकांत बराच काळ बोलणं नव्हतं. अर्थात अप्पांना ते सोयीचंच गेलं, कारण मध्ये दोन सभा होत्या.

*

वरच्या हॉलमध्ये बारकी पोचली तेव्हा वहिनी खुर्च्या मांडत होती. बारकी म्हणजे घरातली मुलगी. आता तिचेही केस पांढरे व्हायला लागले होते, पण या घरात तिला दुसरं नाव मिळालं नाही. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला दवाखान्यात कोण थांबणार यावरून दोघींचं जे वाजलं होतं, त्यानंतर त्या पहिल्यांदाच एका खोलीत एकट्या सापडल्या होत्या.

"ते टोक धर जरा," वहिनी म्हणाली.

बारकीने अध्यक्षांच्या टेबलाचं टोक धरलं. "मी अजून रागावलेली आहे हां, वहिनी."

"मीपण. पण टेबल एकटीला हलत नाही."

दोघींनी टेबल खिडकीसमोर आणलं. खिडकी म्हणायची एवढंच. धाकट्या काकांनी अध्यक्षपदाची निवडणूक हरल्यावर पेपरवेट फेकून तिची काच फोडली, त्या दिवसापासून तिथे पुठ्ठा होता. दुकानात आलेल्या पेटीचा पुठ्ठा, त्यामुळे त्याच्यावर मोठ्या अक्षरांत 'काच, जपून हाताळा' असं छापलेलं होतं. खिडकी मंडळाची आणि भिंत घराची. दादाला काम द्यावं तर पक्षपात, जावयाला द्यावं तर खाली काचेचं दुकान असताना वर बाहेरची काच आणली म्हणून गाव हसणार. विषय दर सभेत पुढच्या सभेवर ढकलला जात होता. त्या खिडकीतून एके काळी अख्खी बाजारपेठ दिसायची.

"गाडीचा ठराव तू मांड," वहिनी म्हणाली.

"मी?"

"मी मांडला की अप्पा फेटाळणार. दादाने मांडला तरी तेच."

"अगं, माझ्या नवऱ्याकडे स्वतःची गाडी आहे! तो कशाला हवा म्हणेल दुसऱ्यांना?"

"नवऱ्याकडे आहे ना? दुकान तुझ्या नावावर आहे."

ते खरं होतं. दुकान काढलं तेव्हा तिचा नवरा नोकरीत होता, त्यामुळे कागदोपत्री मालकीण बारकी झाली. पुढे त्याने नोकरी सोडली, दुकानात बसला, पाटीवर आडनाव घातलं, आणि मालकीण कोण हे सगळेच विसरून गेले. बारकीसुद्धा.

"अप्पा मला थांबवतील."

"कसे थांबवतील? तू दुसरं घर आहेस. आयुष्यभर तेच सांगत आलेत."

बारकी खुर्चीवर बसली. दुसरं घर. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा अप्पांनी तिला बैठकीच्या खोलीत बसवून, पाहुण्यांना विचारतात तसं, "येताना त्रास नाही ना झाला?" विचारलं होतं. ती दोन गल्ल्या ओलांडून आली होती. पुढे मंडळाची कामं येत गेली, नवरा खूश होत गेला, सासरी तिचा शब्द चालायला लागला. अप्पांनी आपल्याला हे दिलं की आपल्या परकेपणाला, याचा विचार तिने कटाक्षाने टाळला होता. दादाच्या दुकानावरून जाताना ती नेहमी समोरच्या बाजूने चालायची.

"घरी मला बोलणी बसतील."

"बसतील," वहिनीने मान्य केलं.

"आणि मला काय मिळणार?"

"आईच्या दुसऱ्या डोळ्याच्या वेळी मी थांबेन दवाखान्यात. पूर्ण वेळ."

"डबा पण तुझाच?"

"डबा पण."

बारकीने पुठ्ठ्याकडे पाहिलं. "दादा खरंच जाणार आहे तिकडे? त्या मोठ्या दुकानात?"

"त्याला गणवेश दाखवला त्यांनी. त्याच्या छातीवर हसणारा चेहरा छापलाय."

बारकी उठली. तिने पुढच्या रांगेतली नवऱ्याची खुर्ची शेवटच्या रांगेत नेऊन ठेवली.

*

सभेला सुरुवात झाली तेव्हा हॉलमध्ये माणसांपेक्षा खुर्च्या जास्त होत्या. अप्पांनी तिकडे पाहिलं नाही. त्यांनी चिटणीसांना, म्हणजे चष्मेवाल्याला, अहवाल वाचायला सांगितलं.

मंडळाने सरत्या वर्षात व्यापाऱ्यांसाठी भरीव कार्य केलं होतं. 'आपल्या बाजारात या' असा स्टिकर काढून सर्व सभासदांना वाटला होता. 'हसतमुख सेवा' या विषयावर व्याख्यान ठेवलं होतं, परंतु वक्ते आले नाहीत. आणि बंद पडलेल्या दुकानांमुळे बाजारपेठ उदास दिसते अशी तक्रार आल्यावरून त्या दुकानांच्या दर्शनी भागावर काचेआड मोठी रंगीत चित्रं लावली होती: भरलेल्या फळ्या, हसणारा दुकानदार, रांगेत उभी गिऱ्हाइकं. काचा अर्थात जावयाच्या दुकानातून.

"चित्रातल्या बेकरीत खऱ्या बेकरीपेक्षा जास्त गर्दी असते," बेकरीवाला म्हणाला. "परवा एक बाई माझं दुकान ओलांडून चित्राचं दार ढकलत होती."

"याची नोंद घेऊ," चष्मेवाला म्हणाला आणि पुढे गेला. याशिवाय मंडळाने वर्षभरात अनेक सभासदांची शटरं उतरवली होती.

ही मंडळाची जुनी पद्धत. आजोबांचीच. दुकान कायमचं बंद करणाऱ्याने स्वतःचं शटर स्वतः ओढायचं नाही. तो हात मोकळे सोडून फुटपाथवर उभा राहतो. बाकीचे सभासद मिळून शटर हळूहळू खाली आणतात, आणि ते जमिनीला टेकलं की अध्यक्ष एकच वाक्य म्हणतात: "हे शटर याने नाही, आपण सगळ्यांनी पाडलं." म्हणजे त्या माणसाला घरी जाताना जरा हलकं वाटावं. आजोबांच्या काळात हा प्रसंग इतका क्वचित येई की वाक्य विसरायला होई. अप्पांचं वाक्य आता अगदी पाठ होतं.

"एक प्रश्न," शिंपीणबाई उभ्या राहिल्या. त्या दर वर्षी उभ्या राहत. "मंडळ आम्हाला देतं काय?"

"प्रश्नाची नोंद—"

"नोंद तुम्ही दर वर्षी घेता, चिटणीस. नोंदींचा एक झगा शिवून होईल आता. मी विचारतेय, दुकान उघडं आहे तोवर काय देता? बंद केल्यावर तुम्ही फार चांगले वागता, ते माहितेय मला."

हसू फुटलं आणि मध्येच विरलं. अप्पा म्हणाले, "हा विषय आपण इतर विषयांत घेऊ."

इतर विषयांत बारकी उठली.

पहिल्यांदा अप्पांना वाटलं, पाणी हवं असेल. मग ती बोलायला लागली. ती वाचून बोलत नव्हती आणि नीटही बोलत नव्हती. गाडी, वार, कोणाचा माल कोणत्या दिवशी, मागे काचेसाठी तिरकी फळी, हे सगळं तिने उलटसुलट सांगितलं, पण सांगितलं. दादा मान खाली घालून बोटावरचे जुने वण चोळत होता. वहिनी दाराशी उभी होती, जिथे सभासद नसलेल्यांनी उभं राहायचं असतं.

"बारके," अप्पा म्हणाले, "यात दादाचा संबंध—"

"मी दुसरं घर आहे, अप्पा."

हॉलमध्ये कुणीतरी खुर्ची सरकवली. नियमात बसत होतं. अप्पांनीच बसवलं होतं.

"अनुमोदन," शिंपीणबाई म्हणाल्या.

शेवटच्या रांगेतून जावई उठला. तो कधी आवाज चढवत नसे. "अप्पा, माझा व्यक्तिशः काहीच विरोध नाही. हेतू उत्तम आहे. पण गाडी म्हटली की ड्रायव्हर आला. ड्रायव्हर आला की त्याची रजा आली. काचेवर पलंग ठेवला, काच फुटली, तर भांडण कुणाचं? आज आपल्यात इतकं प्रेम आहे, त्यात एक गाडी आणून कशाला घालायची?"

"तुमच्या दारात उभी आहे तिच्यावरून भांडण होतं का?" पलंगवाल्याने विचारलं.

"ती माझी आहे."

"तेच म्हणतोय."

मतदान हात वर करून झालं. पलंगवाला, सायकलवाला, शिंपीणबाई, दादा. बारकीचा हात वर गेला.

"अगं, काय करतेस?" जावई हळूच म्हणाला. "हात खाली घे."

"मालकीण मी आहे. पाटी बघू नकोस, कागद बघ."

"आपण घरी बोलू."

"घरी बोलूच. हात इथे वर करायचाय."

विरोधात रंगवाला होता, कारण त्याची गाडी पुढच्या महिन्यात चालू होणार होती, निदान तो तसं दर महिन्याला म्हणत असे. बेकरीवाला होता, कारण त्याचा माल लोक हातातच नेत. चष्मेवाला होता, कारण चष्मे खिशात मावतात. आणखीही दोघे होते, ते जावयाकडून उधारीवर आरसे घेत. चष्मेवाल्याने हात मोजले, चष्मा पुसला, परत मोजले.

"समसमान," तो म्हणाला. "अध्यक्षांचं निर्णायक मत."

अप्पांनी दादाकडे पाहिलं नाही. सकाळपासून जपलेलं ते त्यांना आता मोडायचं नव्हतं. आपल्याला काही कळत नाही असं घरात सगळ्यांना वाटतं, हे त्यांना माहीत होतं. त्यांना कळत होतं. दाराची घंटी वाजत नाही हे त्यांनाही ऐकू येत होतं, उलट त्यांनाच जास्त, कारण वर बसून दुसरं ऐकण्यासारखं काही नसे. हात वर केला असता तर ठराव झाला असता. आणि संध्याकाळी न्हाव्याच्या खुर्चीत बसलेला पहिला माणूस म्हणाला असता, शेवटी काय, मुलाचंच पाहिलं. या एका वाक्यापासून ते आयुष्यभर पळत आले होते. आता धाप लागलेली असताना त्यांनी त्याच्या हाती कसं लागायचं?

"अहो," दारातून आवाज आला. आई वर आली होती. या हॉलमध्ये ती चहाची किटली घेऊन येई आणि किटली घेऊन जाई. आज हातात किटली नव्हती. "हात वर करा."

"काकू... म्हणजे बाई," चष्मेवाला गडबडला, "तुम्ही सभासद नाही."

"म्हणून तर बोलतेय. सभासद असते तर ह्यांनी माझ्याशी कायमचंच बोलणं टाकलं असतं." ती पुन्हा म्हणाली, "करा ना वर. इतक्या वर्षांत तुमच्याकडे काही मागितलं नाही."

अप्पांचे दोन्ही हात टेबलावर होते. ते तसेच राहिले.

"ठरावाचा फायदा माझ्या घराला होतो," ते म्हणाले. "मी तटस्थ."

"म्हणजे ठराव... होत नाही," चष्मेवाला म्हणाला, आणि त्यालाच ते ऐकून बरं वाटलं नाही.

बारकीचा हात अजून वरच होता. वहिनीने पुढे जाऊन तो खाली घेतला, लहान मुलाचा घ्यावा तसा.

दादा उठला. त्याने आवाज चढवला नाही की खुर्ची पाडली नाही. "इतर विषयांत आणखी एक," तो म्हणाला. "सगळे आहातच, तर खाली चला. माझं शटर आहे."

*

उजेड अजून होता, पण रस्त्यावरून त्याचा जीव गेलेला होता. सभासद फुटपाथवर जमले. दादा हात मोकळे सोडून उभा राहिला आणि आपल्याच हातांचं काय करायचं ते त्याला कळेना. इतरांची शटरं उतरवताना त्याने अशा उभ्या माणसांकडे कधी नीट पाहिलं नव्हतं.

"एक अडचण आहे," चष्मेवाला अप्पांच्या कानाशी म्हणाला. "अध्यक्षाचं बाजारपेठेत चालू दुकान पाहिजे. शटर जमिनीला टेकलं की तुमचं दुकान चालू नाही. म्हणजे तुम्ही अध्यक्ष नाही. आणि वाक्य तर टेकल्यावर म्हणायचं असतं."

"उपाध्यक्ष म्हणतील."

"उपाध्यक्षांचं शटर आपण गेल्या वर्षी उतरवलं."

"मग उपाध्यक्ष नेमला का नाही?"

"ते तहकूब आहे."

अप्पांनी मान डोलावली. कामकाज नियमानुसार चाललं होतं.

सगळ्यांनी शटरला हात लावले. जावयानेही लावला, त्याने सगळ्यात नीट लावला. शटर कुरकुरत निम्म्यापर्यंत आलं, आणि तेवढ्यात अप्पा वाकले, गुडघ्यावर हात ठेवून आणखी वाकले, आणि शटरखालून आत गेले.

"अप्पा?" बारकीने हाक मारली. "कुठे निघालात?"

"थांबा," आतून आवाज आला. "आत गिऱ्हाईक आहे."

हीसुद्धा आजोबांचीच पद्धत होती. आत गिऱ्हाईक असेल तर शटर थांबवायचं. सगळे अर्ध्या शटरला धरून वाकून उभे राहिले. दादा क्षणभर घुटमळला आणि मग तोही आत गेला, कारण गिऱ्हाईक असताना दुकानदाराने बाहेर उभं राहणं बरं दिसत नाही.

आत अंधुक होतं. उभ्या लावलेल्या काचांवर बाहेरच्या लोकांचे फक्त पाय दिसत होते. अप्पा लाकडी टेबलासमोर उभे होते, गिऱ्हाइकाच्या बाजूला. आयुष्यभर या दुकानातून ये-जा केली, पण या बाजूला ते कधी उभे राहिले नव्हते.

"काय हवंय?" दादाने विचारलं.

"वरच्या खिडकीची काच."

"मंडळाच्या नावावर?"

"माझ्या. बसवूनही हवीये."

दादाने टेप घेतली नाही. तो मागच्या फळीपाशी गेला, पुढच्या काचा एकेक करून बाजूला टेकवल्या आणि अगदी मागची काच काढली. कडांवर धूळ घट्ट बसली होती. त्याने फडक्याने पुसली. माप वेगळं घ्यायची गरजच नव्हती.

"ही कधी कापलीस?"

"काकांनी पेपरवेट मारला त्या दिवशी. मला वाटलं, दुपारपर्यंत सांगाल."

अप्पांनी काच घ्यायला हात पुढे केले.

"उभी धरा," दादा म्हणाला. "तशी नाही. उभी. आडवी धरली की जाते."

काच उभी न्यायची म्हणजे अर्ध्या शटरखालून जाईना. ती बाहेर यावी म्हणून सगळ्यांनी शटर परत पूर्ण वर ढकललं, आणि क्षणभर दुकान रोजच्यासारखं सताड उघडं दिसलं. अप्पा काच छातीशी धरून बाहेर आले. पलीकडचा त्यांचा शर्ट, पट्टा, मनगटं सगळं आरपार दिसत होतं. मागून दादा हात मोकळे सोडून आला.

शटर खाली आलं आणि जमिनीला टेकलं.

मग सगळे वाक्याची वाट बघत राहिले. चष्मेवाल्याने अप्पांकडे पाहिलं. अप्पा काचेआड होते आणि आता नुसते अप्पा होते. शेवटी शिंपीणबाईंनीच पदराला हात पुसले आणि कापड फाडावं तसं म्हटलं, "हे शटर याने नाही, आपण सगळ्यांनी पाडलं."

दर वेळी या वाक्यानंतर लोक पुढे होऊन खांद्यावर हात ठेवत. या वेळी कुणी हलेना. जावई चपलेने फुटपाथवरचा एक खडा सरकवत राहिला.

"मागोमाग चढ गं," आई वहिनीला म्हणाली, "जिना अंधारा आहे." ते दादाबद्दल होतं की अप्पांबद्दल, ते तिने सांगितलं नाही. दादाने काचेचं दुसरं टोक धरलं होतं.

*

पुठ्ठा एका ओढीत निघाला. दादाने घरातून हत्यारांची पिशवी आणली, चौकट खरवडली, पुट्टी मळली, काच बसवली, कडेने पट्ट्या ठोकल्या. ठोकताना तो नेहमीसारखा खिळे ओठांत धरत होता, त्यामुळे बोलायचा प्रश्न नव्हता. वहिनीने खुर्च्या भिंतीला लावल्या. बारकीने तिला मदत केली. नवरा खाली गाडीत वाट बघत होता आणि त्याने दोनदा हॉर्न वाजवला होता.

"जा तू," वहिनी म्हणाली.

"जाते. डबा लक्षात ठेव."

"ठेवते."

अप्पा टेबलामागच्या खुर्चीवर बसले होते. आता ती त्यांची नव्हती, पण ती कुणाची हे ठरेपर्यंत बसायला हरकत नव्हती. दादाने फडक्याने काचेवरचे बोटांचे ठसे पुसले आणि बाजूला झाला.

"बघा," तो म्हणाला. हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणत असे. "दिसतंय ना नीट?"

काच उत्तम होती. तिच्यात लहर नव्हती, बुडबुडा नव्हता. आहे की नाही कळू नये इतकी स्वच्छ. पलीकडे बाजारपेठ थेट टोकापर्यंत दिसत होती. शटर, शटर, मध्ये शिंपीणबाईंच्या दुकानातला एक पिवळा दिवा, पुन्हा शटर. आणि जिथे जिथे शटर नव्हतं तिथे चित्रं होती. भरलेल्या फळ्यांसमोर गिऱ्हाइकं रांगेत उभी होती, काचेआड, आणि सगळी हसत होती.

अप्पा बराच वेळ बघत राहिले. दादाने हत्यारं पिशवीत भरली. मग कोपऱ्यात पडलेला पुठ्ठा दुमडून काखेत मारला आणि तो दाराकडे निघाला.

"तो टाकू नकोस," अप्पा म्हणाले.